मोफत सर्व्हिसिंगचं बिल पाच हजार कसं होतं?

राजेहो, थोडं लांब लिहितोय. पण ज्यांच्या दारात या दसऱ्याला नवी गाडी उभी राहिली, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

महिनाभरात चार जणांनी आपल्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगची बिलं माझ्याकडे आणून दिली. चारही गाड्या कोऱ्या, हजार-बाराशे किलोमीटर चाललेल्या. चारही सर्व्हिसिंग 'मोफत'. सगळ्यात कमी बिल २,३०० रुपये, सगळ्यात जास्त ५,१०० रुपये. वर्कशॉपची नावं लिहीत नाही. बिलं वेगवेगळ्या वर्कशॉपची आहेत आणि सगळ्यांवर आयटम जवळपास तेच, म्हणजे हा एखाद्या दुकानाचा नाही, धंद्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे.

५,१०० वाल्या बिलात काय काय आहे ते वाचा. इंजिन ऑइल ४ लिटर. ऑइल फिल्टर. इंजिन फ्लश. 'अँटी-फ्रिक्शन ट्रीटमेंट'. एसी डिसइन्फेक्शन. मजुरी शून्य. म्हणजे 'मोफत' होती ती मजुरी! गाडीमालक भुसाराचं छोटं दुकान चालवतात, सात वर्षांचं कर्ज काढून गाडी घेतली. त्यांनी काउंटरवर विचारलं, हे सगळं गरजेचं आहे का? उत्तर मिळालं, "नवीन इंजिन आहे काका, लोखंडाचा चुरा निघतो. नाही केलं तर उद्या वॉरंटीला प्रॉब्लेम येईल."

वॉरंटी म्हटलं की आपला माणूस गपगार होतो. सही करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या गाडीला कुठलं ऑइल लागतं, किती लिटर लागतं आणि कधी बदलायचं, हे सगळं त्यांच्याच गाडीच्या कप्प्यातल्या पुस्तकात छापलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून ते काढलं. पुस्तकाचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. आत लिहिलंय, पहिल्या सर्व्हिसला फक्त तपासणी. ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा एक वर्षाने, जे आधी होईल तेव्हा. आणि फिल्टरसकट इंजिनात ऑइल मावतं साडेतीन लिटरच्या आत. बिलात ४ लिटर! उरलेलं कुठं गेलं? गाडीत तर मावलं नाही. मावलं असेल तर ते आणखी वाईट, कारण प्रमाणापेक्षा जास्त ऑइल भरलं की क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही.

मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. पण वाचता येतं, आणि दोन चांगल्या मेकॅनिकांसोबत बसून जे कळलं नाही ते विचारून घेता येतं.

आधी नव्या इंजिनाचं बघू, कारण भीती तिथूनच विकली जाते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा मारलेल्या असतात. त्याला होनिंग म्हणतात. त्या रेषांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या काळात या भिंतीवर घासून नीट बसतात. रिंगा बसल्या की दाब गळत नाही, ऑइल वर चढून जळत नाही. यालाच आपण रनिंग-इन म्हणत आलो. अ‍ॅम्बेसेडर-फियाटच्या जमान्यात हे काम फार नाजूक होतं. लोक मागच्या काचेवर 'रनिंग इन'ची पट्टी लावून चाळीसने गाडी हाकायचे. आता होनिंगच इतकं सफाईदार होतं, की बरंचसं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. तरी पहिले हजार किलोमीटर जपून चालवा असं पुस्तकं आजही सांगतात, आणि ते बरोबर आहे.

पण जपून म्हणजे काय? इथे आपले लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे मामा-काका छाप: टॉप गिअर टाकून चाळीसने घरंगळत न्यायची, इंजिन थरथरतंय तरी गिअर उतरवायचा नाही. यात इंजिनाला उलट त्रास होतो. रिंगा भिंतीला दाबून बसतात त्या आतल्या जळणाच्या दाबाने. अतिलाडात त्या नीट बसतच नाहीत. दुसरं टोक आपल्या भागात नवीन निघालंय. गाडी शोरूममधून बाहेर, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, आणि दुसऱ्याच दिवशी समृद्धीवर चढून थेट शिर्डी! तिथे कारला १२० ची मर्यादा, रस्ता सरळ, क्रूझ कंट्रोल लावलं की दोन-अडीच तास इंजिन एकाच आरपीएमवर. नव्या इंजिनाला नेमकं हेच नको असतं. साईबाबा कुठं जात नाहीत. आठ-पंधरा दिवस गाडी गावात, तालुक्याला, घाटात, अशी कमी-जास्त वेगात फिरू द्या. ॲक्सिलरेटर तळाला दाबून पळवू नका, ओझं ओढू नका, सकाळी दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवू नका. सुरू करा, पाच-दहा सेकंद थांबा, हळू निघा. आणि मग जा शिर्डीला.

एवढंच आहे रनिंग-इन. याला पैसे लागत नाहीत. म्हणूनच ते काउंटरवर कोणी सांगत नाही.

आता 'लोखंडाचा चुरा'. नव्या इंजिनात घासून थोडे धातूचे कण निघतात, हे खरं. ते पकडायलाच तर ऑइल फिल्टर असतो. गाडी बनवणाऱ्याने हे धरूनच पहिली बदली कधी ते ठरवलेलं असतं. काही कंपन्यांच्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलेलं असतं, की ठरलेल्या वेळेआधी पहिलं ऑइल बदलू नका. कोणाला मनाच्या समाधानासाठी लवकर बदलायचं असेल, पुस्तकाची ना नसेल, तर बदला, तुमचा पैसा आहे. पण 'वॉरंटी जाईल' म्हणून बदलायला लावणं ही फसवणूक आहे. आणि फ्लश तर कहर! फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये एक रसायन ओतून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, म्हणजे वर्षानुवर्षांचा साचलेला गाळ सुटतो. हजार किलोमीटरच्या इंजिनात कुठला गाळ? कोऱ्या टाकीत गाळ काढायला माणूस उतरवण्यासारखं आहे हे.

"ऑइल बघा किती काळं झालंय," म्हणून बोटावर थेंब दाखवतात. तो थेंब बघून घाबरू नका. ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. काळं झालं म्हणजे ते आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल चार दिवसांत काळं होतं. रंगावरून ऑइल संपलं की नाही ते कळत नाही, किलोमीटर आणि महिन्यांवरून कळतं.

ऑइल निवडताना डब्यावरचे आकडे वाचायला शिका, अवघड नाही. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती लवकर पळतं ते सांगतो, दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं ते. आताच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं. आणि इथे आपले जुने मिस्त्री अडतात. "भाऊ, हे पाण्यासारखं ऑइल आपल्या उन्हात टिकंल का? २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन मख्खन!" मिस्त्रींचा हेतू वाईट नाही, जुन्या ढिल्या इंजिनांवर त्यांचा हात बसलाय. पण नव्या इंजिनातल्या फटी, ऑइलचा पंप, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी यंत्रणा, सगळं पातळ ऑइल धरून बनवलंय. जाड ऑइल गाडी सुरू होताना वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. अ‍ॅव्हरेज पडतं ते वेगळंच. आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन तुम्हा-आम्हाला. इंजिनातलं ऑइल तर १०० च्या आसपास तापतं, जूनमध्ये काय अन् जानेवारीत काय. पुस्तकात दोन-तीन ग्रेड चालतात असं लिहिलं असेल तर त्यातली निवडा. त्याबाहेरची नको.

ग्रेडइतकंच महत्त्वाचं दर्जाचं अक्षर, आणि तिकडे कोणी बघत नाही. पेट्रोलसाठी एपीआय एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. एसपी हा दर्जा २०२० साली आला. टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगावर, वेळेआधीच जळण पेटून पिस्टनला दणका बसतो. तो टाळण्याची आणि टायमिंग चेनची झीज रोखण्याची कसोटी त्यात आहे. म्हणजे टर्बो गाडीला पुस्तकात एसपी लिहिलं असेल, तर घरातला जुन्या दर्जाचा डबा 'तसाच तर आहे' म्हणून ओतू नका.

डिझेलवाल्यांनी तर जास्तच सांभाळायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, पण ऑइलमधल्या धातूच्या द्रव्यांची राख जळत नाही. ती साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तकात एसीईए सी-२, सी-३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे काय होतं? शेतावर ट्रॅक्टरसाठी आणलेला १५डब्ल्यू-४० चा डबा असतो. ऑइल कमी दिसलं की त्यातलंच लिटरभर नव्या एसयूव्हीत. डीपीएफ चोंदला की मग येतो तो खर्चाचा आकडा. ज्या माहितीने हा खर्च वाचला असता, ती एक ओळ होती. इंग्रजीत.

वर्कशॉपवालेच सगळे चोर आणि गिऱ्हाईक साधुसंत, असंही नाही. काहींना ऑइल खरंच लवकर बदलावं लागतं. खडी-मुरमाच्या रस्त्यावर रोज धूळ खात फिरणारी गाडी, दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी, काळीपिवळी: यांच्यासाठी पुस्तकात 'कठीण परिस्थिती'चा वेगळा तक्ता असतो. तो लागू होत असेल तर १०,००० ची वाट बघू नका. आणि वर्षभरात गाडी चार हजारच चालली, तरी वर्ष झालं की ऑइल बदला. तेही पुस्तकातच आहे. शिवाय पहिले दोन-तीन हजार किलोमीटर नवं इंजिन थोडं ऑइल खाऊ शकतं. पंधरा दिवसांनी सपाट जागी गाडी बंद करून पाच मिनिटांनी ऑइलची पट्टी ओढा, पुसा, परत घाला, काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. काउंटरवर बसलेल्या पोरावरही माझा राग नाही. त्याला महिन्याला किती फ्लश, किती ट्रीटमेंट खपवायच्या याचं टार्गेट असतं.

राग आहे तो 'वॉरंटी' या शब्दाचा बागुलबुवा करणाऱ्यांवर. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं होतं, की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या कामातल्या दोषामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, वकिलांची चांदी झाली. आपल्या तालुक्यात हा आदेश कोणाला ठाऊक आहे? आता जिथे बाहेरच्या कामानेसुद्धा सरसकट वॉरंटी जाऊ नये असं आयोग म्हणतो, तिथे त्यांच्याच वर्कशॉपमध्ये फ्लश नाकारला म्हणून ती कशी जाईल? तरी माझा सल्ला व्यवहाराचा आहे. वॉरंटीत असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच करा, तारखा चुकवू नका, वाद कशाला. पण पुस्तकात नसलेली प्रत्येक गोष्ट नाकारा. 'वॉरंटी जाईल' म्हणाले की शांतपणे म्हणा, "हे जॉब कार्डवर लिहून द्या आणि सही करा." या दुकानदार मित्राने दुसऱ्या सर्व्हिसला हेच केलं. कोणी लिहून दिलं नाही. फ्लश आणि ट्रीटमेंट मात्र बिलातून गायब झाले.

बाहेरून ऑइल घेणार असाल तर पक्कं बिल घ्या, सील बघा, डबा आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, आणि रिकाम्या डब्याला जाताना भोक पाडा. भंगारात गेलेला चांगल्या कंपनीचा डबा भरून परत दुकानात येतो. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि माझी मागणी. कंपन्यांनी चारशे पानांचं पुस्तक मराठीत छापावं, हे तर हवंच. पण ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गाडीच्या चावीसोबत मराठीत छापलेला एक कागद द्या. त्यावर ऑइलची ग्रेड, दर्जा, किती लिटर, कधी बदलायचं, कुठल्या सर्व्हिसला काय करायचं आणि काय नाही. हाच कागद मोठा करून वर्कशॉपच्या काउंटरमागे लावा. पेढ्यांचा बॉक्स, गाडीवरची भली मोठी रिबन आणि फोटोग्राफर यांचा खर्च परवडतो, तर एका कागदाचा परवडायला हरकत नाही. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेसमोर मी हे लेखी मांडतोय.

त्यासाठी मला बिलं हवी आहेत. ज्यांची पहिली किंवा दुसरी 'मोफत' सर्व्हिस या वर्षात झाली, त्यांनी बिल आणि पुस्तकातल्या सर्व्हिसच्या तक्त्याचं पान, दोन्हींचे फोटो इनबॉक्सला पाठवा. इंग्रजी वाचण्यात अडत असेल तर नुसता पानाचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो. नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर तेवढा झाकून पाठवा.