कानातली सुई, पोटावरचे टाके

विरारच्या मनवेलपाड्यातल्या कित्येक घरांना परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट पाठ आहे. विरार लोकलने दादर, तिथून टॅक्सी. आतड्याच्या किंवा जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली, तरी साधं खोकताना, कुशीवर वळतानाही जीव कासावीस होतो. दुखण्याच्या भीतीने रुग्ण खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो. मॉर्फिनसारखी औषधं कळ थांबवतात, पण मळमळ आणि बद्धकोष्ठही देतात. म्हणून कानातल्या अ‍ॅक्युपंक्चरची चौकशी होते.

यात सुया ज्या बिंदूंवर टोचतात, त्यांचा कानावरचा नकाशा फ्रान्सच्या डॉ. पॉल नोजिए यांनी १९५०च्या दशकात मांडला. कानाच्या खोलगट भागात व्हेगस मज्जातंतूची शाखा येते, हे मात्र शरीरशास्त्रच सांगतं. आमचं मत विचाराल, तर नकाशावर भाबडा विश्वास नको आणि उपचाराची टिंगलही नको. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर पुरावा अजून तोकडा आहे. सुई वेदनाशामकाच्या जोडीला चालेल, जागी नाही.

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स घटल्या असतील, तर सुईने संसर्ग वा रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा गल्लीतल्या पाटीवर विसंबू नका. आधी आपल्या सर्जनला विचारा.