इमारतीच्या आराखड्यात सायकलीला जागा कुठे?

पहाटे पोंपों वाजवत वाड्यावाड्यांतून फिरणारी पोदेराची सायकल ही गोव्याची ओळख मानली जाते. चित्रांतून, भित्तिपत्रकांतून आणि पर्यटकांच्या छायाचित्रांतून तिला मानाचे स्थान मिळते. इमारतींच्या आराखड्यांत मात्र तिला क्वचितच स्थान असते. पर्वरी, ताळगाव, मडगाव किंवा फोंड्यातील एखाद्या नव्या संकुलात रोज येणारा रखवालदार, माळी, गवंडी किंवा शिकवणीला निघालेला आठवीतला मुलगा आपली सायकल कुठे ठेवतो, हे पाहिले की वस्तुस्थिती ध्यानात येते. कुंपणाचा गज, विजेचा खांब, जिन्याखालची अडगळ किंवा दोन मोटारींमधील फट यांपैकी एखादी जागा त्याच्या वाट्याला येते. पावसाळ्यात सायकल भिजते, गंजते आणि एके दिवशी भंगारवाल्याकडे जाते.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. युरोपीय संघाने मात्र तो कायद्याच्या पातळीवर नेला आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी संघाने इमारतींच्या ऊर्जाकार्यक्षमतेविषयीचा सुधारित निर्देश संमत केला आणि सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यांत उतरवण्यासाठी २९ मे २०२६ ही मुदत ठरवून दिली. या निर्देशानुसार, तीनपेक्षा अधिक मोटारींची जागा असलेल्या नव्या निवासी इमारतीत प्रत्येक सदनिकेमागे किमान दोन सायकलींची सोय करावी लागेल. पाचपेक्षा अधिक मोटारींची जागा असलेल्या कार्यालयांना व इतर अनिवासी इमारतींना सरासरी वापरकर्त्यांच्या १५ टक्के किंवा एकूण क्षमतेच्या १० टक्के इतक्या सायकलींसाठी जागा राखावी लागेल. नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या सायकलींचाही विचार करण्यास निर्देशात सांगितले आहे. ऊर्जाबचतीच्या कायद्यात सायकलीचा उल्लेख का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. इमारत किती वीज वापरते याइतकेच, तिथे राहणारे आणि येणारे लोक किती इंधन जाळून येतात-जातात, हेही तिच्या रचनेवरून ठरते.

जगाचा अनुभव

सायकलतळ सक्तीचा करण्याची कल्पना नवी नाही. जपानमध्ये रेल्वे स्थानकांबाहेर बेवारस सायकलींचे ढीग साचू लागले, तेव्हा १९८० मध्ये खास कायदा करण्यात आला. बँका, डिपार्टमेंट स्टोअर, सुपरमार्केट, करमणुकीची ठिकाणे अशा गर्दी खेचणाऱ्या इमारतींना सायकलतळ बांधायला लावण्याचे अधिकार त्याद्वारे स्थानिक संस्थांना मिळाले. ज्याच्यामुळे सायकली येतात, त्यानेच त्यांच्या जागेची तजवीज करावी, हे त्यामागचे तत्त्व होते.

नेदरलँड्सचा अनुभव अधिक बोलका आहे. सायकलींचा देश म्हणून ज्याचा दाखला सारे जग देते, त्या देशानेही २००३ च्या इमारत नियमांतून घरामागे सायकलखोली देण्याची अट वगळली होती. नियम कमी केले तर बाजारच योग्य ते देईल, हा विचार त्यामागे होता. नऊ वर्षांनी, २०१२ मध्ये, ती अट पुन्हा आणावी लागली. जिथे जवळपास प्रत्येक घरात सायकल आहे, तिथेही विकासकाच्या मर्जीवर हा विषय सोपवता आला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

न्यूयॉर्कने २००९ मध्ये क्षेत्रनियोजनाच्या नियमांत दुरुस्ती करून मोठ्या निवासी इमारतींत दर दोन सदनिकांमागे एका सायकलीची बंदिस्त जागा आवश्यक केली. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात दोन किंवा अधिक शयनगृहांच्या घरामागे दोन सायकलींची जागा आवश्यक ठरते. याच आराखड्यात मोटारींसाठी कमाल मर्यादा आहे, तर सायकलींसाठी किमान. मोटारीला याहून जास्त जागा देऊ नका आणि सायकलीला याहून कमी देऊ नका, असे हे गणित आहे.

कागदावरचा रकाना

भारतात नियम नाहीत असे नाही. भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेने सायकलीसाठी किमान एक चौरस मीटर जागा सुचवली आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनतळांची जागा देताना सार्वजनिक वाहतूक आणि विनामोटार वाहनांना प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. मात्र संहिता ही शिफारस आहे आणि धोरण ही दिशा आहे. दोन्ही राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या नियमावलीत उतरल्याशिवाय बांधकामाच्या नकाशावर त्यांचा परिणाम दिसत नाही.

पुण्याचे उदाहरण यासंदर्भात उद्बोधक आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत वाहनतळाच्या तक्त्यात मोटार, स्कूटर आणि सायकल असे तीन स्वतंत्र रकाने होते. तरीही शहरातील सायकल मागे हटत गेली आणि दुचाकी वाढत गेली. नियमाने जागेचे क्षेत्रफळ मोजले, पण ती जागा कोणत्या रूपात असावी, कोणासाठी राहावी आणि पुढे तिचे काय व्हावे, हे विचारले नाही. नकाशावर सायकलीसाठी आखलेला चौकोन आणि स्कूटर उभी राहण्याचा चौकोन यांत प्रत्यक्ष फरक काहीच नसतो. रिकामा दिसला की तो दुसऱ्या वाहनाने भरतो. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा गमावलेले परत मिळवण्याची वेळ आलेली होती.

२०२० मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने सायकलस्नेही शहरांसाठी स्पर्धा जाहीर केली. तिच्या अंतिम ११ विजेत्यांत वडोदरा, नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता. या उपक्रमाचा भर प्रामुख्याने रस्त्यांवर होता. पण प्रवासाची सुरुवात व शेवट रस्त्यावर होत नाही, इमारतीच्या दारात होतो. मार्ग आखला आणि तळ विसरला, तर सायकल घरातून बाहेरच पडत नाही.

गोव्याचे गणित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशाचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा राज्यात सायकलतळाची मागणी अवाजवी ठरवली जाण्याची शक्यता अधिक. परंतु या आकड्याची दुसरी बाजूही आहे. निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे मोटार नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या घरातील शाळकरी मुले आणि मोटार न चालवणारे ज्येष्ठ नागरिक हेही प्रवासी आहेतच. वाहनतळाचे नियम केवळ मोटार मोजून आखले, तर ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही सदनिकेच्या किमतीतून दुसऱ्याच्या मोटारीच्या जागेचा भार उचलावा लागतो. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या २००५ मधील ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला होता. फुकट वाटणाऱ्या वाहनतळाची किंमत कोणीतरी मोजतच असतो.

जागेचा हिशेब केला तर विरोधाची धार बोथट होते. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात उघड्यावरील एका मोटारीसाठी येण्याजाण्याच्या वाटेसह २३ चौरस मीटर जागा धरली आहे. सायकलीचे हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि लांबी १.८ मीटरच्या आसपास असते. म्हणजे संहितेतील एक चौरस मीटर जेमतेमच आहे आणि त्यात वाट धरलेली नाही. वाटेसह प्रत्येकी दोन चौरस मीटर धरले, तरी एका मोटारीच्या जागेत दहाहून अधिक सायकली मावतात. वीस सदनिकांच्या इमारतीत दर घरामागे एक सायकल धरल्यास दोन मोटारींएवढीही जागा लागत नाही.

गोव्यात नगरनियोजन म्हटले की चर्चा बहुधा भूरूपांतराभोवती फिरते, आणि ती आवश्यकही आहे. पण बांधकामाचे दैनंदिन स्वरूप ठरवणारा दस्तऐवज म्हणजे ‘गोवा भूविकास व इमारत बांधकाम नियमावली, २०१०’. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. सायकलतळाचा विषय हाती घ्यायचा तर त्यासाठी नवा कायदा नको, याच नियमावलीत नेमकी तरतूद पुरेशी आहे.

तरतूद कशी असावी

पुण्याच्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते. केवळ संख्या लिहून भागत नाही. सायकलीचे चाक अडकवण्याच्या अरुंद फटी असलेले तळ स्वस्त पडतात, पण त्यांत रिम वाकते आणि सांगाड्याला कुलूप लावता येत नाही. जमिनीत पक्की रोवलेली उलट्या ‘यू’ आकाराची नळी साधी आणि टिकाऊ असते. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन सायकली राहतात. अशी नळी रोवली की त्या जागेत मोटार शिरू शकत नाही, त्यामुळे जागेचे रक्षणही आपोआप होते.

दुसरी गोष्ट छपराची. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्यालगतची खारट हवा असलेल्या प्रदेशात उघडा तळ निरुपयोगी आहे. तळ जमिनीच्या पातळीवर, प्रवेशद्वाराजवळ आणि रखवालदाराच्या नजरेच्या टप्प्यात हवा. तळघरात नेऊन ठेवलेली जागा कागदावर पूर्ण भरते, पण जिना उतरून सायकल नेणे कोणाला रोज जमत नाही. विजेवरच्या सायकलींसाठी चार्जिंगची सोय देताना अग्निसुरक्षेकडेही लक्ष हवे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिथियम बॅटरींमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा बळी गेला. अशी जागा सुटकेच्या जिन्यापासून दूर असणे अत्यावश्यक आहे.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट अंमलबजावणीची. गोव्यात नगरनियोजन खाते तांत्रिक मंजुरी देते, बांधकाम परवाना व भोगवटा दाखला पंचायत वा पालिका देते आणि नियोजन व विकास प्राधिकरणांच्या क्षेत्रात आणखी एक टप्पा असतो. इतक्या हातांतून जाणाऱ्या प्रकरणात सायकलतळ कोणी तपासायचा, हे लिहून ठेवले नाही तर तो कोणीच तपासत नाही. भोगवटा दाखल्यापूर्वीच्या पाहणीत त्याची स्वतंत्र नोंद असावी. नंतर तिथे दुकान किंवा गुदाम उभे राहिल्यास जबाबदारी कोणाची, हेही ठरलेले असावे. या बाबतीत न्यायालयीन आधार उपलब्ध आहे. स्टिल्टखालची वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात गणले आहेत. सायकलतळ त्याच तत्त्वाने सर्व रहिवाशांचा आणि तिथे काम करणाऱ्यांचा सामाईक मानावा लागेल.

रस्ते सुरक्षित नसताना तळ बांधून काय उपयोग, हा आक्षेप राहतोच, आणि तो निराधार नाही. मात्र रस्ता दहा वर्षांत पुन्हा आखता येतो. इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षे तशीच राहते. आज मंजूर होणारा प्रत्येक नकाशा पुढच्या दोन पिढ्यांच्या प्रवासाची सवय ठरवतो. जुन्या इमारतींत नंतर जागा शोधणे किती अवघड असते, हे कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कळते. नव्या इमारतीत तीच जागा आराखड्यावरच्या काही रेषांच्या खर्चात मिळते. त्या रेषा वेळेत ओढल्या गेल्या, तर रखवालदाराला किंवा त्या आठवीतल्या मुलाला सायकल टेकवण्यासाठी विजेचा खांब शोधत फिरावे लागणार नाही.