मेलेला उंदीर लपवू नका

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या. सप्टेंबरात माणसांच्या जांघेत गाठी उठल्या. प्लेग! भूकंपाच्या धास्तीने लोक घराबाहेर झोपले नि आतल्या धान्यावर उंदीर पोसले, असे जाणकारांनी सांगितले.

दिल्लीहून तपास करणारे आले. या लोकांच्या कामाची रीत बघा. घरोघर विचारपूस, ताप नि गाठ असलेल्यांची यादी, माणसांच्या रक्ताचे नमुने, उंदरांचेही! आणि पावडर मारून आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. कारण उंदीर मेला की पिसू माणसाच्या अंगावर येते. आपण मात्र आधी काठी शोधतो.

1897 च्या प्लेगात लोक रोगी लपवीत. सावित्रीमाईंनी आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. तेव्हा औषध नव्हते. आज टेट्रासायक्लिनसारखे औषध वेळेवर मिळाले तर रोगी वाचतो. म्हणून भगिनींनो, आरोग्याची माणसे वही घेऊन दारात आली, तर तापाबरोबर मोरीत पडलेल्या उंदराचेही सांगा. त्याला उघड्या हाताने उचलू नका.