विमा कचेरीतील नोकर आणि आपला क्लेम

दोन वर्षांपूर्वी घरच्यांचे पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन झाले. मेडिक्लेम पॉलिसी होती, परंतु इस्पितळ कॅशलेसच्या यादीत नव्हते. बिल आधी खिशातून भरले आणि सारे कागद क्लेम तपासणाऱ्या सेवा कंपनीकडे रवाना केले. पंधरा दिवसांनी पत्र आले, डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत पाठवा. पाठवली. दुसरे पत्र आले, औषधांच्या बिलांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. जोडली. तिसरे पत्र सोनोग्राफीच्या रिपोर्टासाठी आणि चौथे बँकेच्या रद्द केलेल्या चेकसाठी. या चार पत्रांत तीन महिने गेले. दुकान सोडून कुरियरवाल्याकडे खेटे घालता घालता फोनवरच्या मुलाला मी नको नको ते बोललो, हे आज कबूल करतो.

त्यानंतरच्या ईदला बहिणीचा मुलगा घरी आला. तो बी.यू.एम.एस. झालेला आहे आणि पुण्यात अशाच एका कंपनीत क्लेम तपासण्याची नोकरी करतो. कंपनी दुसरी, काम तेच. मी माझे रडगाणे गायले. तो हसून म्हणाला, "मामू, त्याने चारही कागद एकदम मागितले असते, तर त्याच्या नावावर एकच काम लागले असते. चार वेळा मागितले, चार कामे लागली."

हे ऐकून मी चाट पडलो. व्यापारी बांधवांनी विमा कंपनीला शिव्या देण्यापूर्वी त्या कचेरीच्या आत काय चालते हे समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

फायलींची मोजदाद

आरोग्य विम्यात विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्या मध्ये बसणाऱ्या या सेवा कंपन्यांना 'टीपीए' म्हणतात. त्यांच्यासाठीचे नियम 2001 साली आले. क्लेमचे पैसे टीपीए आपल्या खिशातून देत नाही, आणि क्लेम नामंजूर करण्याचा अधिकारही तिला नाही. तो निर्णय विमा कंपनीचा असतो. टीपीए कागद तपासते आणि आपला अभिप्राय देते. या कामासाठी आपल्याकडचे अनेक युनानी, आयुर्वेदिक व होमिओपॅथिक पदवीधर नोकरीला लागतात. दवाखाना टाकायला भांडवल नसते, तेव्हा महिन्याच्या पगाराची ही नोकरी बरी वाटते.

भाच्याच्या कचेरीत दिवसाकाठी किती फायली हातावेगळ्या केल्या याचा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे लागतो. संध्याकाळी मॅनेजर सर्वांसमोर खालची नावे वाचून दाखवतो. ज्याचे नाव तीनदा खाली आले त्याची पगारवाढ अडते. फाईल मंजुरीच्या शिफारशीने पुढे पाठवली तरी एक काम, आणि 'कागद अपुरे' असा शेरा मारून परत केली तरी एक काम. मंजुरीची शिफारस करायची तर पूर्ण फाईल वाचावी लागते, आणि चूक झाली तर जाब द्यावा लागतो. शेरा मारायला दोन मिनिटे पुरतात आणि जाब कोणी विचारत नाही. मग पोटार्थी माणूस काय करील?

वास्तविक 2016 सालच्या आरोग्य विमा नियमांतच लागणारे कागद एकाच वेळी मागावेत, तुकड्या-तुकड्यांनी मागू नयेत, असे स्पष्ट लिहिले होते. नियम कागदावर राहिला, कारण कचेरीतला हिशोब त्याच्या उलटा होता. 2024 साली आणखी कडक नियम आले. कॅशलेसची परवानगी विनंती आल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने बजावले. ग्राहकासाठी हे चांगलेच झाले. परंतु माणसे तेवढीच ठेवून घड्याळ तेवढे लावले, तर त्याचा भार खुर्चीवर बसलेल्या मुलावर पडतो आणि तो घाईत केलेल्या चुकांच्या रूपाने पुन्हा आपल्याच पदरात येतो.

एका मॅनेजरची गोष्ट

भाच्याने आणखी एक अनुभव सांगितला. मधली दीड वर्षे त्यांच्या विभागाला एक वेगळे मॅनेजर लाभले. त्यांनी फायली मोजण्याची रीत बदलली. फाईल कितीदा हातात घेतली हे मोजणे बंद करून, पूर्ण निकालात किती काढल्या तेवढेच ते मोजू लागले. कागद मागायचे तर एकाच पत्रात सगळे, असा त्यांनी दंडक घातला. अडचण आली तर मुलांनी सरळ त्यांच्या टेबलाशी जावे, चारचौघांत कोणाचा पाणउतारा होणार नाही, एवढी हमी दिली. पहिल्या महिन्यात आकडे घसरले. पुढे मात्र तीच फाईल पुन्हा पुन्हा टेबलावर येणे कमी झाले, चिडून फोन करणारे कमी झाले आणि मुले वेळेवर घरी जाऊ लागली.

पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी जुना तक्ता पुन्हा भिंतीवर लावला. भाचा आता दुसरी नोकरी शोधत आहे. माणसे तीच, पगार तोच, खुर्च्या त्याच. फक्त काय मोजायचे हे बदलले आणि कामाची तऱ्हा दोनदा पालटली.

विक्रीच्या बाजूलाही तेच

पॉलिसी विकणाऱ्यांची कथा वेगळी नाही. एजंट कमिशनवर जगतो. त्याच्यावरचा सेल्स मॅनेजर पगारी असला तरी टार्गेट चुकले की नोकरीवर गदा येते. 31 मार्च जवळ आला की फोनांचा सुळसुळाट होतो, तो याचमुळे. त्यातून दुकानाच्या मालाचा विमा घाईत उतरवला जातो. हप्ता कमी दिसावा म्हणून मालाची किंमत कमी लिहिली जाते, आणि आपणही खूश होतो.

समजा गोदामात 20 लाखांचा माल आहे आणि विमा 10 लाखांचाच आहे. आगीत 4 लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमानुसार हाती 2 लाखच येतील. माल निम्म्याने विमाबंद, म्हणून भरपाईही निम्मी. 1 एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आली आहे. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, निम्म्याची नाही. हे समजावून सांगायला विक्रेत्याला अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास त्याच्या टार्गेटात धरला जात नाही.

पूर्वी सारे आलबेल होते असेही कोणी समजू नये. 1956 साली 245 विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले, 1973 साली सर्वसाधारण विमाही सरकारी झाला, आणि 2000 सालापासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. सरकारी काळात नोकरी पक्की होती, परंतु क्लेमसाठी टेबलोटेबली फिरणारे आमचे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. तसेच खोटी बिले लावणारे ग्राहकही आहेत, त्यात आपलेही काही आहेत. तपासणी हवीच, आणि मोजमापही हवे. प्रश्न एवढाच, की मोजायचे काय?

आपल्या कारखान्यात काय?

आता थोडे स्वतःकडे पाहू. मालेगाव-भिवंडीच्या लूमवर कामगाराला मजुरी किती मीटर कापड निघाले यावर मिळते. तुटलेला धागा जोडण्यासाठी लूम थांबवली तर त्याचेच नुकसान. मग कापडात दोष राहिला की आपण ओरडतो, "आजकालचे कारागीर बेपर्वा झाले." बॅगा शिवणाऱ्याला नगावर पैसे देतो आणि टाके सैल पडले म्हणून गिऱ्हाईकासमोर त्याची शोभा करतो. पुण्याच्या त्या वातानुकूलित कचेरीत आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये फरक तो किती?

नगावरची मजुरी एका दिवसात बंद होणार नाही, हे मीही जाणतो. भाव गिऱ्हाईक ठरवते, वीज बिल थांबत नाही. परंतु निर्दोष तागा किंवा नगामागे चार पैसे जादा देणे, आणि चूक दाखवायची तर कारागिराला बाजूला घेऊन दाखवणे, एवढे तर आपल्या हातात आहे. मी माझ्या दुकानात गेल्या वर्षापासून परत आलेल्या मालाचा हिशोब ठेवतो आणि तो कमी झाला की कारागिरांना वाटा देतो. तोटा झालेला नाही.

बांधवांना विनंती

क्लेम अडला तर फोनवर भांडू नका. "लागणारे सर्व कागद एकाच पत्रात कळवा" असे लेखी मागा आणि पोच जपून ठेवा. 2024 च्या नियमांनुसार कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही. तेव्हा नकार आला तर कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात दाद लागली नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील नाही, आणि 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते.

आपली मुले अशा कंपन्यांत नोकरीला जात असतील, तर पगाराच्या आकड्यासोबत हेही विचारायला सांगा की काम कशावर मोजले जाते, आणि आधीचा माणूस किती दिवस टिकला. त्या उत्तरावरून कचेरीची हवा कळते.

आणि एक काम माझ्याकडून बाकी आहे. ज्या मुलाला मी फोनवर बोललो, त्याचे नाव मला माहीत नाही. म्हणून आता त्या कचेरीत फोन लागला की आधी सलाम-नमस्कार करतो, नाव विचारतो आणि मग फाईलचा नंबर सांगतो. तेवढ्याने माझा क्लेम लवकर सुटेल असे नाही, पण त्याचा दिवस तरी माझ्यामुळे खराब होणार नाही.