पाणी खुब्यापर्यंत हवे

कळमन्यातला सिमेंटचा रस्ता मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. कुत्र्याला फिरवायचे तरी कधी? म्हणून फिरणे बंद होते, घरातला लॅब्रेडॉर जाड होतो आणि एक दिवस मागच्या पायांवर उठताना कण्हतो. दुखऱ्या सांध्यांच्या अशा कुत्र्याला गोळ्यांच्या जोडीने पाण्यातला व्यायाम मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

पाणी शरीराचे वजन उचलून धरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजले गेले. पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असताना कुत्र्याच्या पायांवर ९१ टक्के वजन राहते, गुडघ्यापर्यंत असताना ८५ आणि खुब्यापर्यंत आले की फक्त ३८ टक्के. म्हणजे वीतभर पाण्याच्या टबात कुत्रा गार होतो, सांध्यांना मात्र काही मिळत नाही. लॅब्रेडॉरसाठी साधारण दीड फूट पाणी आणि आठ-दहा पावले चालण्याइतकी लांबी हवी. खुब्याच्या दुखण्यात मला पोहण्यापेक्षा हे चालणेच अधिक पटते. पोहताना बहुतेक कुत्री भर पुढच्या पायांवर देतात.

मग थेट तलावावर न्यायचे का? नको. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. धान्याच्या बाजाराशेजारी राहणाऱ्यांना उंदरांबद्दल वेगळे सांगायला नको! हा आजार माणसालाही होतो. कुत्र्यासाठी लस आहे, ती दिली का ते आधी पाहा.

काटोल-नरखेडकडे शेती असलेले काहीजण कुत्र्याला शेततळ्यात सोडतात. तेही धोक्याचे. प्लास्टिकच्या निसरड्या उतारावर नखे टिकत नाहीत. उत्तम पोहणारा कुत्राही बाहेर येऊ न शकल्याने थकून बुडतो. त्यापेक्षा शेतातले उथळ टाके स्वच्छ करून भरा, तळाशी रबरी चटई टाका.

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पोहायला लावूच नये. नाक वर धरताना त्यांचे मागचे अंग बुडते आणि दम लागतो. हृदयविकार किंवा उघडी जखम असेल, तर आधी पशुवैद्यकाला विचारा. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटे पुरेत. बाहेर काढल्यावर कान कोरडे करा, विशेषतः लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे.

पाण्याखालचा ट्रेडमिल खासगी दवाखान्यांपुरता राहिला, तर तो मोजक्यांनाच परवडेल. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे माफक दरात ही सोय मिळावी, ही मागणी श्वानप्रेमींनी लावून धरली पाहिजे.