मालिका येईल तेव्हा येईल, आजीला आज विचारा



परवा पारावर टीव्हीचा विषय निघाला. पानिपत झाले, शिवराय झाले. आता आपल्या मुक्तिसंग्रामावरही खरीखुरी माहिती देणारी मालिका यायला हवी, असे एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "येईल की! रणगाडे दाखवतील, विमाने दाखवतील, मजा येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र आमची आजी आठवली.

रणगाडे आले होते, यात खोटे काही नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. पाच दिवसांत कारभार आटोपला. टीव्हीला हे सोयीचे. दिवसाला एक भाग!

पण देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला आणि आपण त्यानंतर तेरा महिने निजामाच्या राज्यातच राहिलो. ते तेरा महिने कोण दाखवणार? स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन पोरे घराबाहेर पडली. कुणी करोडगिरीचे नाके जाळले, कुणी शिंदीची झाडे तोडली. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून. नांदेडकडची माणसे पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात गेली, लातूरकडची बार्शीकडे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तर लातुरातच वकिली करणारा. म्हणजे ही लढाई परमुलखातली नव्हती, आपल्याच वेशीवरची होती.

आमची आजी ही गोष्ट दोन भागांत सांगायची. पहिला भाग मोठ्या आवाजात. पेवात ज्वारी लपवली, वर शेण सारवले, आणि लेकरे घेऊन रात्रीच गाव सोडले. दुसरा भाग मात्र हळू आवाजात. पोलीस ॲक्शननंतर सूड घेणारे निघाले, तेव्हा शेजारच्या मुसलमान घरातली बाई नि तिची लेकरे आमच्या कडब्याच्या गंजीमागे तीन रात्री होती. आजी त्यांना भाकरी नेऊन द्यायची. "ते बी लिहून ठेव बाबा," म्हणायची, "नाहीतर अर्धंच राहील."

आजीचे ते बोल खोटे नव्हते. केंद्र सरकारने त्या वेळी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले होते. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आलाच नाही. रझाकारांचा जुलूम खरा, आणि त्यानंतर निरपराधांवर आलेली वेळही खरी. एक सांगितले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

मालिका काढणारा येईल तेव्हा कुणाला विचारील? त्या साली दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदीकडे झुकले आहे. म्हणून एक काम करा. मूग-उडदाची रास घरात आली की एका संध्याकाळी घरातल्या थोरांजवळ बसा. नातवाच्या मोबाइलवर आवाज भरून घ्या, किंवा साधी वही घ्या. "लढाई कशी झाली?" असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. दाणे कुठे लपवले, कोणत्या वाटेने गेलात, बरोबर काय नेले, आसरा कुणी दिला, हे विचारा. मधे बोलू नका. आवाज हळू झाला की तिथे उठू नका. खरी गोष्ट तिथेच असते.

मग मालिका येऊ द्या खुशाल. सगळे घर मिळून बघा, पण मांडीवर ती वही असू द्या. टीव्हीने काय सांगितले आणि काय गाळले, ते पोरांना तेव्हा आपोआप कळेल.

बराय, येतो मंडळी.