कचेरीतून उपासनागृहात : ‘बॅसिलिका’ या शब्दाची कुळकथा

वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरली, किंवा जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाच्या दर्शनाचा सोहळा आला, की आमच्या वर्तमानपत्रांतून ‘बॅसिलिका’ हा शब्द छापून येतो. परंतु ही चर्चबांधणीची एखादी शैली, की त्या वास्तूचे विशेषनाम, की केवळ एक मानाची पदवी, याचा उलगडा करण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः आज ती पदवीच आहे. पोपकडून ती गोव्याच्या बॉम जेझुस चर्चला १९४६ साली आणि वांद्र्याच्या चर्चला १९५४ साली प्राप्त झाली. तथापि या पदवीच्या मागे एका इमारतीचा जो दीर्घ इतिहास उभा आहे, तो मराठवाड्यातल्या वाचकाला दूरचा वाटण्याचे काहीच कारण नाही.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘राजाचे’, म्हणजे राजाचे दालन. रोमन लोकांनी तो उचलला आणि आपल्या सार्वजनिक कचेरीला दिला. रोममधील अशी पहिली ज्ञात इमारत इ.स.पू. १८४ मध्ये थोरल्या केटोने बांधविली. लांबट दिवाणखाना, त्याचे उभे तीन भाग पाडणाऱ्या स्तंभांच्या दोन रांगा, पुष्कळदा एका टोकाला अर्धवर्तुळाकार कोनाडा आणि त्यात उंच चौथऱ्यावर न्यायाधिकाऱ्याचे आसन, अशी ही रचना. खाली वादी-प्रतिवादी, साक्षीदार, सावकार आणि व्यापारी यांची वर्दळ. निजामी अमदानीतल्या तहसील कचेऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या देगलूरकराला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग देवाच्या उपासनेसाठी कचेरीचाच नमुना का निवडला गेला? रोमन देवालय हे देवाचे निवासस्थान होते. मूर्ती आत, यज्ञवेदी बाहेर आणि भक्तजनही बाहेर उघड्यावर. ख्रिस्ती उपासना मात्र सर्वांनी एकत्र बसून करावयाची, एकत्र ऐकावयाची आणि एकाच भोजनविधीत सहभागी होण्याची. इ.स. ३१३ मध्ये त्या धर्माला राजमान्यता लाभल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या स्थपतींपुढे मोठ्या जनसमुदायाला छताखाली सामावून घेणारा जो तयार नमुना होता, तो देवळाचा नसून कचेरीचा होता. त्यांनी प्रवेशद्वार लांब बाजूवरून आखूड बाजूवर आणले, आणि एवढ्या एका फेरफाराने आत शिरणाऱ्याची दृष्टी स्तंभांच्या रांगांमधून थेट वेदीवर जाऊन स्थिरावू लागली. न्यायाधिकाऱ्याच्या जागी बिशप बसला. जर्मनीतील ट्रिअर येथे कॉन्स्टंटाइनचा दरबार जेथे भरे ते दालन अद्याप उभे असून आज तेथे चर्च आहे. हा सारा प्रवास तेथे एकाच छपराखाली पाहावयास मिळतो.

बिशपच्या आसनाला ‘कॅथेड्रा’ म्हणतात, आणि ते जेथे असते ते कॅथेड्रल. आमच्या सीमेपलीकडे तेलंगणात मेदक येथे १९२४ मध्ये उघडलेले, १७५ फुटी मनोऱ्याचे भव्य चर्च कॅथेड्रल आहे, बॅसिलिका नव्हे. ते प्रॉटेस्टंट परंपरेचे असल्यामुळे पोपच्या पदवीचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. बातमीदारांनी एवढा भेद तरी पाळावा.

मला याहून अधिक खटकते ते निराळेच. कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना एकोणिसाव्या शतकात वास्तुइतिहासकार फर्ग्युसनने प्रारंभीच्या ख्रिस्ती चर्चशी केली, आणि त्याच्या युरोपीय वाचकाला ती उपयोगीही पडली असेल. परंतु तेव्हापासून ‘नेव्ह’ (मधला भाग), ‘आइल’ (बाजूचे भाग), ‘ॲप्स’ (अर्धवर्तुळाकार टोक) हे चर्चचे शब्द आमच्या लेण्यांच्या मराठी वर्णनांतही ठाण मांडून बसले आहेत. कार्ल्याचे मागचे टोक अर्धवर्तुळाकार आहे खरे, पण तेथे कोणाचे आसन नाही. तेथे स्तूप आहे, आणि त्याच्या पाठीमागून सात साध्या अष्टकोनी स्तंभांची जी वक्र रांग फिरते ती उपासकाला प्रदक्षिणा घालता यावी म्हणून. चर्चमधील वक्र भिंतीपाशी दृष्टी थांबते; येथे पावले वळतात. आकार एक, प्रयोजन अगदी भिन्न. आमच्याच मराठवाड्यात तेर येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर त्याच आकाराचे आहे, आणि त्या आकारासाठी ‘गजपृष्ठ’ हा शिल्पशास्त्रातला सार्थ शब्द शतकानुशतके उपलब्ध आहे.

देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरात उभे राहून पाहावे. प्रशस्त मंडप, मग अरुंद अंतराळ, आणि शेवटी जेथे एका वेळी मोजकीच माणसे मावतील असा काळोखा गाभारा. येथे समुदाय पुढे सरकत नाही. एकेक माणूस पुढे सरकतो. हा क्रम ‘मंडप’, ‘अंतराळ’, ‘गाभारा’ हेच शब्द सांगू शकतात, ‘हॉल’ आणि ‘चेंबर’ नव्हेत. पुरातत्त्व खात्याने आणि पाठ्यपुस्तक मंडळाने आपल्या वास्तूंचे वर्णन करताना आपली परिभाषा प्रथम वापरावी, आणि चर्चच्या वास्तूचे वर्णन करताना तिची परिभाषा तितक्याच आदराने, तिच्या कुळकथेसह द्यावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. तेर आणि होट्टल येथील माहितीफलकांपासून हे काम सुरू करता येईल.